बेसबॉलचं मैदान बनवायला आणि टिकवायला काय काय लागतं? पाचगणीच्या लाल मातीवरून समजून घ्या

क्रिकेटचं मैदान कसं असतं हे कुणाला सांगावं लागत नाही. बेसबॉलचं मैदान मात्र आपल्याकडे बहुतेकांनी सिनेमात किंवा रीलमध्येच पाहिलेलं असतं. तरी हा खेळ महाराष्ट्राला अगदी परका नाही. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आणि त्याचा जवळचा नातेवाईक सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ आहेत. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेटसोबत हे दोन्ही खेळही असणार आहेत.

खेळाडू तयार होतात, पण मैदानाचं काय? बऱ्याच ठिकाणी फुटबॉलच्या किंवा क्रिकेटच्या मैदानावरच चार बेस टाकून सराव होतो. जमीन ओबडधोबड असेल तर जोरात येणारा चेंडू खड्ड्यावर आपटून थेट तोंडावर उसळतो. बेसवर घसरत जाणाऱ्याचे गुडघे सोलतात. त्यामुळे मैदान नीट असणं हा आधी सुरक्षेचा प्रश्न आहे, दिसण्याचा नंतर.

मग असं मैदान बनवायला नेमकं काय लागतं? उदाहरणासाठी पाचगणी घेऊ. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवरचं हे गाव बोर्डिंग शाळांसाठी ओळखलं जातं. सेंट पीटर्स, किमिन्स, बिलिमोरिया, संजीवन, न्यू एरा अशा अनेक शाळा इथे आहेत. इथली माती लाल, जमीन उताराची आणि पाऊस धो धो. इथे जे मैदान टिकेल ते महाराष्ट्रात जवळपास कुठेही टिकेल.

आधी मैदान समजून घेऊ

बेसबॉलच्या मैदानाचे दोन भाग असतात. आतला चौकोन आणि त्याच्या आसपासचा मातीचा भाग म्हणजे इनफिल्ड. त्यापलीकडे पंख्यासारखं पसरलेलं गवत म्हणजे आउटफिल्ड.

मोठ्यांच्या खेळातली महत्त्वाची मापं अशी:

- दोन बेसमधलं अंतर: ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर
- पिचरच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंत: ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर
- होम प्लेटपासून सेकंड बेसपर्यंत तिरकं अंतर: सुमारे ३८.८ मीटर
- पिचर जिथून चेंडू टाकतो तो उंचवटा: व्यास १८ फूट, उंची होम प्लेटपेक्षा १० इंच जास्त
- आउटफिल्डची हद्द: बाजूला साधारण ३२० फूट किंवा जास्त, मध्यभागी ४०० फुटांच्या आसपास

हे सगळं बसवायला तीन ते चार एकर सपाट जागा लागते. डोंगरावर ती मिळणं अवघड. पण १२ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या बेसबॉलमध्ये बेसमधलं अंतर ६० फूटच असतं. सॉफ्टबॉलमध्येही तेवढंच. सॉफ्टबॉलची हद्द २०० ते २२० फुटांवर असते, म्हणजे सव्वा एकराच्या आसपास काम भागतं. शिवाय सॉफ्टबॉलमध्ये पिचरचा उंचवटा नसतो आणि इनफिल्ड पूर्ण मातीचं असतं. त्यामुळे शाळेला दोन्ही खेळ हवे असतील तर ६० फुटांचं मातीचं इनफिल्ड हा सगळ्यात व्यवहारी पर्याय. बेसबॉलच्या दिवशी ठेवायला हलवता येणारा उंचवटाही वापरता येतो.

टेबललँडवर का नाही?

पाचगणीत एवढी मोठी सपाट जागा म्हटलं की टेबललँड आठवतं. पण ते पठार म्हणजे जांभ्या दगडाचा कातळ आहे. त्यावर मातीचा थर अगदी पातळ असतो. सह्याद्रीतल्या अशा पठारांवर पावसाळ्यात उगवणाऱ्या काही वनस्पती दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्यामुळे डोंगर कापून नवं मैदान काढण्याचा विचार सोडून दिलेला बरा. जे मैदान आधीपासून आहे तेच सुधारणं हा योग्य मार्ग. त्यातही मोठी भर घालायची किंवा उतार बदलायचा असेल तर आधी परवानगीची चौकशी करावी, जेसीबी नंतर बोलवावा.

पायरी १: आखणी

आखणीला महागडं यंत्र लागत नाही. गवंड्याकडे असतं तेवढं सामान पुरतं: ५० मीटरची टेप, सुतळी, लोखंडी खुंट्या, गुण्या आणि पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल पाइप.

पहिला प्रश्न दिशेचा. नियमपुस्तकाची शिफारस अशी की होम प्लेटपासून सेकंड बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी. म्हणजे दुपारनंतरचं ऊन बॅटरच्या डोळ्यांत न येता पाठीवर येतं. शाळांचे सामने आणि सराव बहुतेक संध्याकाळी होतात, म्हणून हे महत्त्वाचं.

मग चौकोन. ९० फुटांच्या मैदानासाठी होम प्लेटपासून ३८.८ मीटरवर सेकंड बेसची खुंटी ठोका. आता एक टेप होम प्लेटवरून आणि दुसरी सेकंड बेसवरून २७.४३ मीटर ताणा. दोन्ही टेप उजवीकडे जिथे मिळतात तिथे फर्स्ट बेस, डावीकडे मिळतात तिथे थर्ड बेस. काटकोन आपोआप बरोबर येतो. ६० फुटांच्या मैदानासाठी हीच मापं २५.८६ आणि १८.२९ मीटर होतात.

शेवटी लेव्हल. चारही बेस एका पातळीत हवेत. आउटफिल्डला मात्र बाहेरच्या बाजूला हलका उतार द्यावा, १०० फुटांना साधारण एक फूट. पळताना तो जाणवत नाही, पण पाण्याला तो लगेच कळतो.

पायरी २: माती

मैदानाचा जीव मातीत असतो. चांगल्या इनफिल्डच्या मिश्रणात साधारण ६० ते ७० टक्के वाळू असते आणि उरलेला भाग गाळ आणि चिकणमातीचा. वाळूमुळे पाणी झिरपतं, चिकणमातीमुळे जमीन धरून राहते. वाळू जास्त झाली तर पाय रुततो. चिकणमाती जास्त झाली तर पावसात चिखल आणि उन्हात फरशी.

इथे पाचगणीचा फायदा आहे. घाट उतरून वाईकडे गेलं की कृष्णाकाठची काळी माती लागते. ती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. इनफिल्डसाठी ते त्रासाचं. जांभ्यापासून झालेली लाल माती एवढी फुगत नाही आणि तिला तेवढ्या भेगाही पडत नाहीत. क्रिकेटमध्ये लाल आणि काळ्या मातीच्या खेळपट्ट्या वेगळ्या वागतात, हे क्रिकेट पाहणाऱ्यांना माहीत असतंच.

पण लाल माती जशीच्या तशी चालत नाही. तिच्यात जांभ्याचे खडे असतात. ते काढायला वाळूची चाळण लागते. मातीत काय किती आहे हे घरीच तपासता येतं. काचेच्या बरणीत अर्धी माती आणि वर पाणी घ्या, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते. गाळाला एक-दोन तास लागतात. चिकणमाती बसायला एक दिवस किंवा जास्त लागतो. थर मोजले की प्रमाण कळतं. खात्री हवी असेल तर माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्यावा.

वाळू घालताना एक काळजी घ्यावी. हल्ली बांधकामाला सर्रास क्रश सँड वापरतात. तिचे कण टोकदार असतात आणि घसरणाऱ्या खेळाडूला चांगलंच खरचटतं. वापरावीच लागली तर बारीक चाळलेली घ्यावी आणि वरच्या थरात टाळावी.

आणि प्रमाण किती? १,००० चौरस फुटांवर ४ इंचांचा थर द्यायचा तर सुमारे ३३३ घनफूट माती लागते. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे सव्वातीन ब्रासच्या पुढे. दाबल्यावर माती बसते, त्यामुळे थोडी जास्तच मागवावी. पसरणी घाट चढून येणाऱ्या प्रत्येक ट्रकचं भाडं द्यावं लागतं. म्हणूनच आधी बरणीची चाचणी, मग ऑर्डर.

पिचरचा उंचवटा आणि बॅटर उभा राहतो ती जागा यांची गोष्ट वेगळी. तिथे खेळाडू बुटांच्या खिळ्यांनी तीच जागा पुन्हा पुन्हा उकरतात. म्हणून तिथे चिकणमाती जास्त लागते, साधारण ४० टक्के. संपूर्ण उंचवट्याला एक ब्रासच्या आसपास माती जाते. ती एकदम ओतून चालत नाही. इंच-इंचाचा थर, थोडं पाणी, धुम्मसाने चोपायचं, मग पुढचा थर. पिचरच्या पट्टीच्या ६ इंच पुढून उतार सुरू होतो आणि दर फुटाला तो एक इंच उतरतो. फळीवर ही खूण आखून घेतली की तोच साचा वर्षभर तपासणीला कामी येतो.

सगळ्यात वर भाजलेल्या चिकणमातीचे बारीक दाणे पसरतात. ते ओल शोषून घेतात आणि चेंडूची उसळी एकसारखी ठेवतात. तयार माल परदेशी आणि महाग असतो. विटांचा बारीक चुरा हा त्याचा जुना आणि स्वस्त भाऊ. वीटभट्टीवर तो मिळतो. फक्त चाळून घ्यावा, मोठे तुकडे राहता कामा नयेत.

तालमीच्या मातीपेक्षा ही वेगळी कशी?

सातारा, सांगली, कोल्हापूरच्या लोकांना तांबड्या मातीची निगा नवीन नाही. कुस्तीच्या हौद्यात ताक, तेल, हळद घालून माती मऊ केली जाते आणि रोज फावड्याने उकरली जाते. पैलवान पडला तरी त्याला लागू नये म्हणून. बेसबॉलचं इनफिल्ड याच्या उलट असतं. खाली घट्ट आणि वर फक्त बोटाच्या पेराएवढा भुसभुशीत थर. खालचा भाग पळायला आधार देतो, वरचा घसरायला. मात्र रोज मातीत हात घालावा लागतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

पायरी ३: पाण्याची वाट

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जेमतेम १८-२० किलोमीटरवरच्या पाचगणीत तो बराच कमी, पण मैदान धुऊन न्यायला पुरेसा. त्यामुळे इथे मैदानाच्या खर्चात पहिला मान पाण्याच्या निचऱ्याला द्यावा लागतो.

याचं तत्त्व इथल्या स्ट्रॉबेरीच्या शेतात दिसतं. रोपं गादीवाफ्यावर, पाणी बाजूच्या सरीत. मैदानही आजूबाजूपेक्षा किंचित उंच आणि कडेला चर. डोंगराच्या बाजूने येणारं पाणी मैदानात शिरण्याआधीच अडवून वळवायचं. जिथे पाणी साचतं तिथे खडी भरलेला चर आणि त्यात छिद्रं असलेला पाइप. उताराच्या बाजूला दगडी बांध किंवा गवताची पट्टी हवी, नाहीतर महागाची माती खालच्या शेतात जाते आणि शेजाऱ्याशी भांडण होतं ते वेगळंच.

जून ते सप्टेंबर इनफिल्ड बंद ठेवलेलं बरं. उंचवटा आणि होम प्लेटवर जाड ताडपत्री, कडेला वाळूच्या गोण्या. खरा हंगाम ऑक्टोबर ते मे.

अवकाळी पाऊस झालाच तर? सगळ्यात मोठी चूक म्हणजे खराट्याने पाणी गवतात लोटणं. पाण्याबरोबर मातीही जाते आणि तिथे कायमचा खड्डा होतो. डबकं मगाने, स्पंजने किंवा छोट्या पंपाने उपसावं. मग वाट पाहावी. पृष्ठभागाची चमक गेली आणि बुटाला माती चिकटेनाशी झाली की दाताळ्याने हलकं उकरावं. वारा लागला की पुढचं काम तोच करतो.

यातले उस्ताद जपानमध्ये आहेत. ओसाकाजवळचं कोशिएन स्टेडियम १९२४ मध्ये बांधलं गेलं. शालेय बेसबॉलची राष्ट्रीय स्पर्धा तिथेच होते आणि त्याचं इनफिल्ड पूर्ण मातीचं आहे. काळी माती आणि वाळूचं ते मिश्रण हिवाळ्यात खोल उकरून खालीवर केलं जातं आणि मग पावसाच्या पाण्याने बसू दिलं जातं. मुसळधार पावसानंतर मैदान पुन्हा खेळण्याजोगं करणारे तिथले कर्मचारी खेळाडूंइतकेच ओळखले जातात. हरलेल्या संघातली मुलं जाताना तिथली मूठभर माती आठवण म्हणून घरी नेतात.

रोजच्या देखभालीची हत्यारं

मैदान बनतं एकदा, सांभाळावं लागतं रोज. त्यासाठी ही यादी:

दाताळं: बेस आणि होम प्लेटच्या भोवतीची माती सारखी करायला. बेसच्या वाटेवर ते लांबीच्या दिशेनेच ओढावं. आडवं ओढलं तर माती गवतात जाते.

ओढायची जाळी: लोखंडी जाळीचा साधारण दोन मीटर रुंद तुकडा, पुढे पाइप आणि दोरी. वेल्डिंगवाला सहज करून देतो. ती सावकाश, गोल गोल ओढायची. गवताच्या कडेपासून फूटभर आत थांबायचं. नाहीतर मातीचा उंच काठ तयार होतो, त्यावर चेंडू आपटून उडतो आणि पाणीही अडतं.

खिळ्यांची फळी: जाड फळीला खालून खिळे ठोकले की झालं. घट्ट झालेला वरचा थर मोकळा करायला आठवड्यातून एकदा.

धुम्मस: पिचर आणि बॅटरने पाडलेले खड्डे बुजवायला. आधी सुटी माती झाडून काढायची, खड्डा ओला करायचा, चिकणमाती भरायची, चोपायची. कोरड्या खड्ड्यात कोरडी माती टाकली तर ती दुसऱ्या दिवशी बाहेर येते.

पाण्याची नळी आणि झारीसारखं तोंड: धूळ बसायला आणि माती जिवंत ठेवायला. धार जोरात मारू नये, तुषार हवेत. उन्हाळ्यात पाचगणीत पाणी जपून वापरावं लागतं, त्यामुळे संध्याकाळी फवारून रात्रभर ताडपत्री टाकलेली चांगली.

हलका रोलर: हंगामाच्या सुरुवातीला पुरे. क्रिकेटची सवय म्हणून रोज फिरवला तर इनफिल्ड रस्त्यासारखं कडक होतं.

गवत कापायचं यंत्र: आउटफिल्डचं गवत दीड-दोन इंच ठेवावं. एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, नाहीतर मुळं कमजोर होतात.

फक्कीचा गाडा: रेषा मारायला. इथे एक धोक्याची सूचना. बऱ्याच शाळांत स्वस्त पडतो म्हणून कळीचा किंवा विरवलेला चुना वापरतात. तो डोळ्यांत गेला तर डोळा भाजू शकतो आणि घामेजल्या कातडीवरही जळजळ होते. बेसबॉलमध्ये खेळाडू रेषेवरच पोटावर घसरतात. त्यामुळे फक्की म्हणजे खडूची किंवा संगमरवराची भुकटीच हवी. पोत्यावर काय लिहिलंय ते वाचूनच घ्यावी.

जाळी आणि बेस: इथे काटकसर नको

बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा असतो, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका. पण चुकलेला फटका सरळ मागे उडतो, जिथे मुलं बसलेली असतात. म्हणून होम प्लेटच्या मागे उंच तारेची जाळी आणि बसायच्या जागेपुढे वेगळी जाळी हवीच. जाळीची टोकं आतल्या बाजूला उघडी राहू नयेत. पाचगणीत उताराकडच्या हद्दीवरही जाळी लागते. नाहीतर चेंडू दरीत आणि त्याच्यामागे मुलं.

बेस रबरी किंवा कॅनव्हासचे आणि जोराचा धक्का बसला की सुटणारे घ्यावेत. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे बेस म्हणून कधीच ठेवू नयेत. पळत येणाऱ्याचा घोटा त्यावर मुरगळतो. होम प्लेट मात्र जमिनीच्या पातळीत घट्ट बसलेली हवी. तिची कड वर आली तर लगेच भर घालावी.

पैसे कमी असतील तर सुरुवात कुठून करावी?

१. आधी पाण्याचा चर आणि लेव्हल. हे चुकलं तर बाकीचा खर्च पहिल्या पावसात वाहून जातो.
२. मग होम प्लेटमागची जाळी आणि सुटणारे बेस.
३. मग फक्त इनफिल्डची माती. आउटफिल्डला आहे ते गवत चालतं.
४. मग हत्यारं: दाताळं, ओढायची जाळी, धुम्मस, ताडपत्री, फक्कीचा गाडा. हार्डवेअरचं दुकान आणि वेल्डिंगवाला यांच्यात जवळपास सगळं मिळतं.
५. पिचरचा कायमचा उंचवटा, तयार दाणे, स्प्रिंकलर हे सगळं शेवटी.

या यादीत एक गोष्ट कुठल्याच दुकानात मिळत नाही: मैदान सांभाळणारा माणूस. सरावानंतर अर्धा तास खड्डे बुजवायला, जाळी ओढायला आणि ताडपत्री टाकायला कुणीतरी लागतं. बऱ्याच शाळांत हे काम माळीकाका किंवा शिपाईमामांवर येतं, तेही त्यांच्या इतर कामांवर वाढवून. मैदानाचा हिशोब मांडताना त्यांच्या कामाचे तास आणि त्याचा पगारही धरावा. आणि सराव संपल्यावर खेळाडूंनीच आपापल्या जागेचे खड्डे बुजवून घरी जायची सवय लावावी. बॅटरने आपला, पिचरने आपला. दाताळं ओढायला पाच मिनिटं लागतात, आणि दुसऱ्या दिवशी चेंडू कुणाच्या तोंडावर उसळत नाही.